सही चालतेय तोवरची कामं आधी: आई-वडिलांचे कागद लावताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाबा ७६ वर्षांचे, आई ६८ची. पैशांचे सगळे व्यवहार आजवर बाबांनीच पाहिले. काही महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला. बोलणं, समजणं ठीक आहे, पण उजवा हात थरथरतो आणि अधूनमधून विसरायला होतं. कागद दोन कपाटांत, एका ट्रंकेत आणि बँकेच्या लॉकरमध्ये विखुरलेले. आईने बँकेत कधी सही केलेली नाही. भाऊ परदेशात, तुम्ही दुसऱ्या शहरात. विषय काढला की बाबा म्हणतात, "मी अजून मेलो नाही." तर सुरुवात कुठून करायची?

मी बँकेत बराच काळ ठेवींच्या आणि मयत खातेदारांच्या दाव्यांच्या टेबलावर काम केलं. निवृत्तीनंतर ज्येष्ठांच्या घरी जाऊन, त्यांच्याबरोबर बसून कागद लावून देते. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच दिसते. मुलं मोठ्या उत्साहाने फायली, रंगीत कप्पे आणतात, सगळं स्कॅन करतात, आणि सुट्टी संपली की परत जातात. घर नीटनेटकं दिसतं, पण बाबांच्या सहीशिवाय जे होऊच शकत नाही ते तसंच राहतं. म्हणून मी कामं विषयवार लावतच नाही. कोणाच्या सहीने होतात आणि कधीपर्यंत होऊ शकतात, यावर लावते. खात्यात आईचं नाव घालणं, नॉमिनी नोंदवणं, नावातली चूक दुरुस्त करणं, मृत्युपत्र, सोसायटीचं नामनिर्देशन ही बाबांची स्वतःची कामं आहेत. ती त्यांना कळतंय आणि सही करता येतेय तोवरच होतात. फायली लावणं आणि जुनी बिलं टाकणं पुढच्या वर्षीही होईल.

"मी अजून मेलो नाही" याचा राग मानू नका. त्यांचं बरोबर आहे. पैसे त्यांचे आहेत, निर्णयही त्यांचेच राहायला हवेत. आपण मात्र विचारतो, "बाबा, सगळं कुठे कुठे ठेवलंय ते एकदा सांगून टाका ना." यात त्यांना निरोपाची तयारी ऐकू येते. त्याऐवजी आईच्या बाजूने विचारा: "तुम्ही चार दिवस दवाखान्यात असलात आणि आईला पैसे काढायचे असले, तर तिने काय करायचं?" झटका येऊन गेलेल्या माणसाला हा प्रश्न खरा वाटतो, कारण तो नुकताच त्यातून गेलेला असतो. उत्तर द्यायला बसले की पुढचं बोलणं तेच सुरू करतात. एका वेळी तासाभराच्या वर बसू नका. सकाळी, औषधं झाल्यावर, ते ताजेतवाने असताना बसा. काढलेले कागद त्यांच्या देखत जागच्या जागी ठेवा आणि कपाटाची किल्ली त्यांच्याच हातात द्या. किल्ली परत मिळते हे दिसलं की दुसऱ्या दिवशी ते आपणहून कपाट उघडतात.

आता पहिलं काम: सही. हात थरथरत असेल तर बाबांची आजची सही बँकेतल्या नमुन्याशी जुळणार नाही. तुम्ही कितीही अर्ज भरा, "सही जुळत नाही" असा शेरा मारून ते परत येतील. म्हणून बाकी काही करण्याआधी प्रत्येक बँकेत आणि टपाल कार्यालयात सहीचा नवा नमुना द्या. सही अजिबात होत नसेल तर अंगठा चालतो. आजारी, अंथरुणाला खिळलेल्या खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेने व्यवस्था सांगितलेली आहे: हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा आणि बँकेला माहीत असलेल्या दोन साक्षीदारांनी तो ओळखायचा, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असला पाहिजे. वयाची सत्तरी ओलांडलेल्यांना घरपोच बँकसेवा देण्याची सूचनाही रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये केलेली आहे. शाखेत हे शांतपणे, लेखी अर्ज देऊन मागा. काउंटरवरच्या नव्या मुलाला हे माहीत नसतं, शाखाधिकाऱ्याला असतं.

दुसरं काम पैसा कुठे आहे ते शोधण्याचं. यासाठी ट्रंक उपसण्याआधी पासबुक वाचा. मागच्या पूर्ण वर्षाचं, ओळ न् ओळ, बाबांच्या शेजारी बसून. वर्षातून एकदाच होणारे व्यवहार सुटू नयेत म्हणून पूर्ण बारा महिने हवेत. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारत जा. जुलै ते ऑक्टोबरच्या सुमाराला शे-दोनशे रुपयांची जमा आणि पुढे कंपनीचं अर्धवट नाव दिसलं, तर तो लाभांश असतो. म्हणजे कुठेतरी शेअर आहेत. तिमाहीला ठरावीक रक्कम येत असेल तर ते ठेवीचं किंवा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं व्याज. वर्षातून एकदा मोठी वजावट दिसली तर विमा किंवा लॉकरचं भाडं. आणि मे महिन्याच्या अखेरीस फक्त २० रुपये कापलेले दिसले, तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, २ लाख रुपयांचं अपघाती विमा संरक्षण, वयाच्या सत्तरीपर्यंत. तुमच्या आईच्या नावाचं खातं असेल तर त्यात ही ओळ आहे का ते आवर्जून बघा. घरच्यांना योजनेचा पत्ताच नसतो, त्यामुळे अपघातानंतर दावाच केला जात नाही. मी अशी घरं पाहिली आहेत.

पासबुकातून सुटलेलं बरंच काही आयकराच्या संकेतस्थळावर सापडतं. बाबांच्या लॉगइनमध्ये वार्षिक माहिती विवरणपत्र असतं, ज्याला सगळे एआयएस म्हणतात. त्यांच्या पॅनवर कोणत्या बँकेने किती व्याज दिलं, कोणत्या कंपनीने लाभांश दिला, म्युच्युअल फंडाचे काय व्यवहार झाले, हे तिथे दिसतं. ज्या बँकेचं नाव घरात कोणालाच आठवत नाही ते इथे निघू शकतं. दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग करतात. त्या शोधायला २०२३ पासून 'उद्गम' हे पोर्टल आहे. म्युच्युअल फंडांतल्या विसरलेल्या गुंतवणुकीसाठी 'सेबी'ने २०२५ मध्ये 'मित्र' ही सोय सुरू करून दिली. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही तर शेअर आयईपीएफ या सरकारी निधीकडे जातात. यातला कुठलाही पैसा बुडालेला नसतो, हे बाबांना नीट सांगा. अर्ज करून तो परत मिळतो. फक्त मालक स्वतः मागतो तेव्हा हे काम जितकं सोपं असतं, तितकं वारसांना नसतं. ट्रंकेत शेअरची कागदी प्रमाणपत्रं निघाली तर ती डीमॅट करण्याचं, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक खात्यात आणण्याचं काम लगेच हाती घ्या. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाहीत, आणि या कामात सही जुळण्याचा प्रश्न सर्वांत जास्त छळतो.

टपाल खात्यातल्या ठेवींच्या तारखा वेगळ्या लिहून ठेवा. बँकेची ठेव बहुधा आपोआप नूतनीकरण होते. मासिक उत्पन्न योजना किंवा ज्येष्ठ नागरिक बचत योजना तशी होत नाही. मुदत संपली की ठरलेला व्याजदर थांबतो. मुदत संपून तीन वर्षं उलटली आणि खातं बंदही केलं नाही, मुदतवाढही घेतली नाही, तर टपाल खातं ते गोठवतं.

आता नावांविषयी, कारण माझा निम्मा वेळ यातच जातो. आईचे सगळे कागद टेबलावर एका ओळीत मांडा: आधार, पॅन, पासबुक, बाबांच्या पेन्शनचे कागद, घराचा करारनामा, विमा, शाळा सोडल्याचा दाखला. प्रत्येकावरचं नाव आणि जन्मतारीख जशीच्या तशी एका वहीत उतरवा, इंग्रजी स्पेलिंगसकट. बहुतेक घरांत चार कागदांवर चार नावं निघतात. दाखल्यावर माहेरचं नाव, पॅनवर नवऱ्याच्या नावाऐवजी नुसतं आद्याक्षर, पासबुकावर नावाला 'बाई' जोडलेलं, आधारवर जन्मतारखेच्या जागी १ जानेवारी, कारण नोंदणी करणाऱ्याने फक्त वर्ष विचारलं होतं. आज कोणाचंच काही अडत नाही. अडतं ते आई एकटी काउंटरवर उभी राहील तेव्हा, आणि तेव्हा "या तुम्हीच आहात याचा पुरावा द्या" असं तिला सांगतील. लग्नाचा दाखला नसेल तर बाबा असतानाच करून घ्या. लग्नाला कितीही वर्षं झाली असली तरी नोंदणी होते, आणि पती-पत्नी दोघं हजर असताना ती सोपी जाते. मग आधार आणि पॅन एकसारखे करा. बाकीचे कागद त्यांच्यामागे येतात. जे बदलणं शक्य नाही, जसं जुना करारनामा, त्यासाठी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. नाव खरोखरच बदललेलं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, तरी त्याला वेळ द्या. आईला पुढे होणारा सर्वांत मोठा त्रास याने वाचतो.

खात्यांमध्ये आईचं नाव जोडताना व्यवहाराचा अधिकार कोणता निवडलाय ते नीट बघा. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकतं. एक गेला तर दुसऱ्याचं खातं चालू राहतं. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे पहिला हयात असेपर्यंत फक्त तोच. 'जॉइंटली' म्हणजे प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या. दोन नावं आहेत म्हणून लोक निश्चिंत असतात, आणि आयत्या वेळी कळतं की खातं 'जॉइंटली' आहे आणि नवरा अतिदक्षता विभागात आहे. मुदतठेवींना आणखी एक बारकावा आहे. एक खातेदार गेल्यावर हयात खातेदाराला ठेव मुदतीआधी मोडता यावी, असा पर्याय अर्जावर दोघांच्या सहीने देऊन ठेवता येतो. तो दिला नसेल तर बँक बाकीच्या वारसांच्या संमत्या मागू शकते. तुमचा भाऊ परदेशात आहे, म्हणजे त्याची संमती तिथून साक्षांकित होऊन येईपर्यंत आईचे पैसे अडकणार. एका खुणेचा प्रश्न आहे, ती खूण करून घ्या.

नॉमिनी सगळीकडे नोंदवा, आणि पूर्वी नोंदवलेला कोण आहे तेही तपासा. बाबांच्या लग्नाआधीच्या एखाद्या पॉलिसीवर आजही आजीचं नाव असेल. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यांना चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, एकाच वेळी ठरावीक हिश्श्याने किंवा एकानंतर एक अशा क्रमाने. लॉकरसाठी मात्र फक्त क्रमानेच. नॉमिनेशन स्पष्ट असेल आणि कागद पूर्ण असतील तर दावा १५ दिवसांत निकाली काढण्याचं बंधन बँकेवर आहे.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, ही गोष्ट घरात सगळ्यांसमोर बोलून घ्या. बँक नॉमिनीला पैसे देऊन स्वतः मोकळी होते. ते पैसे शेवटी कोणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअरच्या बाबतीतही नॉमिनी पूर्ण मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. आयुर्विम्यात २०१५ पासून थोडा फरक आहे: नॉमिनी पती, पत्नी, आई-वडील किंवा मुलं असतील तर ती रक्कम त्यांचीच मानली जाते. घराबाबत गैरसमज सर्वांत जास्त. हिंदू वारसा कायदा लागू असेल आणि बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर त्यांच्या नावावरचं स्वकष्टार्जित घर एकट्या आईला जात नाही. आई, भाऊ आणि तुम्ही, तिघांचे सारखे हिस्से होतात. "आमच्यात भांडणं नाहीत" असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंही असेल. तरी आईला ते घर विकून लहान घर घ्यायचं झालं, तर तुम्हा दोघांच्या सह्यांशिवाय तिला हलता येणार नाही. ज्या घरात ती आयुष्यभर राहिली, त्याबद्दल तिला मुलांकडे सही मागावी लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी मृत्युपत्र. लोक त्याचा बाऊ करतात, पण कायद्याला लागतं फार थोडं. मराठीत, साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने लिहिलेलं चालतं. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. करणाऱ्याची सही आणि ती सही होताना पाहिलेल्या किंवा सही केल्याचं त्याच्याच तोंडून ऐकलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदार ज्यांना काही मिळणार आहे त्यांच्यापैकी नसावेत, आणि बाबांपेक्षा वयाने लहान असलेले बरे. बाबांना नुकताच झटका येऊन गेलाय, म्हणून त्यांच्या बाबतीत दोन गोष्टी मी जास्तीच्या करायला सांगेन. सहीच्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या, की त्यांना समजतंय आणि ते स्वेच्छेने निर्णय घेऊ शकतात. आणि दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी करा. मसुद्याच्या वेळी तुम्ही खोलीत बसू नका. वकील आणि बाबा, दोघंच. पुढे कोणी "मुलीने लिहून घेतलं" म्हणू नये, आणि बाबांनाही मोकळेपणाने बोलता यावं. मजकुरात मिळकतींचं वर्णन जुळायला हवं, आणि 'याव्यतिरिक्त जे काही माझ्या नावे असेल ते' असं एक कलम हवंच, नाहीतर नंतर सापडलेलं खातं बाहेर राहतं.

मृत्युपत्राऐवजी घर आत्ताच मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यावं, असा सल्ला बाबांना कोणीतरी देईलच. आई हयात असताना मी तो देत नाही. द्यायचंच झालं तर सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातलं कलम २३ अशा अटीच्या भंगानंतर हस्तांतरण रद्द करवून घेण्याची वाट देतं. अट लिहिलेली असेल तर त्याचा आधार भक्कम होतो.

कुलमुखत्यारपत्राबद्दल तर जवळपास प्रत्येक घरात चुकीची समजूत असते. "बाबांना पुढे काही समजेनासं झालं तर माझ्याकडे पॉवर ऑफ अॅटर्नी आहे." नाही. ज्याने अधिकार दिला त्याची समज गेली की भारतीय करार कायद्याप्रमाणे तो अधिकार संपतो. मृत्यूनंतर तर संपतोच. काही देशांत समज गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र असतं, आपल्याकडे तशी तरतूद नाही. स्मृतिभ्रंश वाढल्यावर नावावरची ठेव मोडायला किंवा घर विकायला उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने अशा नेमणुका केलेल्या आहेत, पण त्याला वकील, वैद्यकीय मंडळाचा अहवाल आणि वेळ लागतो. आज अधूनमधून विसरणारे बाबा दोन वर्षांनी कसे असतील हे कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे मुखत्यारपत्रावर भिस्त ठेवू नका. घरखर्चाला आणि औषधपाण्याला लागेल एवढा पैसा आईला एकटीच्या सहीने काढता येईल अशा खात्यांत असू द्या.

घराच्या कागदांत मूळ नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक २ म्हणजे इंडेक्स टू, सोसायटीचं भागप्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि मालमत्ता कराची ताजी पावती एकत्र असू द्या. करारनाम्याची फक्त झेरॉक्स सापडली तर घाबरण्याआधी विचारा, घरावर कधी कर्ज होतं का. कर्ज फिटल्यावर मूळ कागद आणायचे राहून गेलेले असू शकतात. १ डिसेंबर २०२३ नंतर फिटलेल्या कर्जांसाठी बँकेने ३० दिवसांत कागद परत द्यायचे असतात. आधीच्या कर्जांसाठी शाखेत अर्ज करून पाठपुरावा करावा लागतो. सोसायटीत नामनिर्देशन तीन प्रतींत द्यायचं आणि पोच घ्यायची. गावाकडे जमीन असेल तर सातबारा एकदा ऑनलाइन काढून बघा. आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंद राहिली आहे. त्यासाठी तलाठी कार्यालयात किंवा ई-हक्क प्रणालीतून अर्ज करता येतो. बाबांना चुलत्यांची, आत्यांची नावं आणि पत्ते माहीत आहेत. ते आत्ताच लिहून घ्या. तुमच्या पिढीला ती नावंसुद्धा पूर्ण आठवणार नाहीत.

पेन्शन असेल तर पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश शोधा आणि त्यावर आईचं नाव, जन्मतारीख बरोबर आहे का ते बघा. चूक असेल तर दुरुस्ती बाबांच्या अर्जावर होते. केंद्र सरकारची पेन्शन आईबरोबरच्या संयुक्त खात्यात येत असेल तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी बँक नवं खातं उघडायला लावू शकत नाही. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो. मोबाईलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो, त्यामुळे थरथरत्या हाताची, न उमटणाऱ्या बोटांची अडचण राहत नाही. आरोग्य विम्याची नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर ठळक लिहा. या वयात पॉलिसी तुटली तर नवी मिळणं अवघड असतं. सत्तरीपुढच्यांसाठी ५ लाखांपर्यंतचं आयुष्मान वय वंदना कार्ड बाबांना उत्पन्नाची अट नसताना मिळतं, तेही काढून ठेवा.

आईला या सगळ्यात प्रेक्षक ठेवू नका. तिच्या हाताने पासबुक भरून आणा, तिला स्वतः पैसे काढू द्या, चेक लिहू द्या, पहिल्या वेळी तुम्ही फक्त बाजूला उभ्या राहा. शाखेतल्या एखाद्या कर्मचाऱ्याशी तिची ओळख करून द्या. ज्या बाईने घरखर्चाचा हिशेब वर्षानुवर्षं पैशापैशाने जुळवला, तिला बँकेचा फॉर्म अवघड नसतो. तो कधी तिच्या हातातच दिलेला नसतो. तिच्या एकटीच्या नावाने एक बचत खातं असू द्या, आणि तिच्या नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनाही उघडता येते, ६० वर्षं पूर्ण झालेली आहेतच.

फोनवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बाबांशी स्वतंत्रपणे बोला, दटावून नव्हे. सीबीआय किंवा पोलिसांच्या नावाने व्हिडिओ कॉल करून 'डिजिटल अटक' केल्याचं सांगतात. आपल्या कायद्यात असा प्रकारच नाही. असं काही झालं तर फोन ठेवायचा, तुम्हाला कळवायचं, आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा. लाजेपोटी लपवण्यात जो वेळ जातो त्यातच पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

तुमच्यासाठीही काही पथ्यं आहेत. बाबांचा पिन, पासवर्ड तुमच्याकडे ठेवू नका. त्यांचे पैसे 'सोयीसाठी' तुमच्या खात्यात घेऊ नका, दोन दिवसांसाठीही नाही. प्रत्येक भेटीनंतर भावाला चार ओळी पाठवा: आज कुठल्या अर्जावर सह्या झाल्या, कोणाचं नाव लागलं, काय राहिलं. जवळ राहून कष्ट करणाऱ्या मुलीवर, सुनेवर नंतर संशय घेतला जातो, हे मी फार वेळा पाहिलंय, आणि दर वेळी जीव तुटतो. या चार ओळींचं कवच तुम्हाला पुरतं. आणि एक गोष्ट आताच सांगते, कारण नंतर ती ऐकण्याची कोणाची मनःस्थिती नसते: मृत्यूनंतर त्या माणसाचं एटीएम कार्ड किंवा नेट बँकिंग वापरून पैसे काढायचे नसतात. घरच्यांचेच पैसे असले तरी. बँकेला कळवायचं आणि दावा करायचा. त्यांचं सिमकार्ड मात्र लगेच बंद करू नका, काही महिने रिचार्ज चालू ठेवा. बिलं, विमा, आयकर यांचे संदेश त्यावरच येतात.

फाइलिंगचं काम सर्वांत शेवटी, आणि ते मी थोडक्यात सांगते. मूळ दस्तांना लॅमिनेशन करू नका, भोकं पाडू नका, साध्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. वटलेल्या ठेवींच्या पावत्या, संपलेल्या विम्याचे कागद, जुनी बिलं बाबांना दाखवून फाडा. आयकराची विवरणपत्रं सात-आठ वर्षांची ठेवा. घर, सोनं, शेअर खरेदीच्या पावत्या कितीही जुन्या असोत, टाकू नका, विकताना भांडवली नफा मोजायला त्याच लागतात. शेवटी दोन पानांची एक यादी करा, शक्यतो बाबा सांगतील आणि आई लिहील अशी: कुठल्या बँकेत काय, नॉमिनी कोण, मुदत कधी संपते, मूळ कागद कुठे, लॉकरची किल्ली कुठे, मृत्युपत्र कोणाकडे. पासवर्ड यात लिहायचे नाहीत. वर तारीख घाला. एक प्रत घरात, एक तुमच्याकडे, एक भावाकडे. ठेव नवी झाली, नॉमिनी बदलला की यादी नव्याने लिहा आणि जुनी प्रत तिन्ही ठिकाणी फाडा, कारण दोन तारखांच्या दोन याद्या घरात राहिल्या की नेमकी जुनीच हाताला लागते.

पुढच्या भेटीला तुमच्याकडे चारच दिवस असतील तर पहिल्या दिवशी सहीचा नमुना आणि पासबुक, दुसऱ्या दिवशी आईची नावं, तिसऱ्या दिवशी बँकेत संयुक्त खाती आणि नॉमिनी, चौथ्या दिवशी बाबा आणि वकील. ट्रंक तशीच राहू द्या.